जनरल स्मट्स यांचा स्नेह

वर्णद्वेष्ट्याशी मैत्री जोडून वर्णद्वेषाचा पाडाव करता येतो काय, हा प्रश्न अधूनमधून नव्या वेषात पुढे येतो. अमेरिकेतील डॅरिल डेव्हिस या कृष्णवर्णीय पियानोवादकाने १९८० च्या दशकापासून कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशती संघटनेतील माणसांशी ओळखी करून घेतल्या, त्यांच्या घरी तो जाऊन बसला, त्यांना त्याने आपल्या घरी बोलाविले. पुढे त्यांतील काहींनी संघटना सोडली आणि आपले झगे त्याच्याच स्वाधीन केले. ही हकीकत वाचून कोणाचेही मन प्रसन्न होईल. परंतु झगा घालणारा मनुष्य तो स्वखुशीने उतरवून ठेवू शकतो. ज्याच्या सहीने हजारो लोकांवर कायदा चालतो, अशा मनुष्याशी केलेल्या स्नेहाचे फळ काय, हे पाहावयाचे तर दुसरे उदाहरण घेतले पाहिजे. ते उदाहरण आपल्या परिचयाचे आहे, आणि त्यात एका पुणेकराचाही मोठा वाटा आहे.

दक्षिण आफ्रिकेतील यान स्मट्स यांचा जन्म १८७० सालचा. म्हणजे ते गांधीजींहून काही महिन्यांनी लहान. दोघांनीही इंग्लंडात कायद्याचे शिक्षण घेतले. बोअर युद्धात स्मट्स इंग्रजांविरुद्ध लढले आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच इंग्रजांचे मित्र झाले. या मैत्रीची कथा आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. १९०५ च्या अखेरीस लंडनमध्ये कॅम्पबेल-बॅनरमन यांचे सरकार आले व पुढील वर्षी त्याने पराभूत ट्रान्सवालला स्वराज्य देण्याचे ठरविले. जेत्याच्या या औदार्याने स्मट्स आयुष्यभर भारावून राहिले. शत्रूला मित्र करता येते याचा दाखला म्हणून हे उदाहरण नेहमी दिले जाते. मात्र १९०२ च्या तहातच एक कलम होते, की मूळच्या आफ्रिकन रहिवाशांना मताधिकार द्यावा की नाही याचा विचार त्या प्रदेशास स्वराज्य मिळाल्यानंतरच व्हावा. स्वराज्य मिळाले ते गोऱ्यांना. मग त्या विचाराचे काय झाले हे सांगावयास नको. दोन गोऱ्या शत्रूंची गळाभेट झाली आणि तिची किंमत तिसऱ्याने भरली. मैत्रीच्या अशा कथा ऐकताना हा तिसरा मनुष्य कोठे उभा आहे, हे विचारण्याची सवय ठेवावी.

ट्रान्सवालमधील हिंदी लोकांवर बोटांचे ठसे देऊन नोंदणी करण्याची सक्ती करणारा कायदा १९०७ साली झाला. त्याविरुद्धची शपथ ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात आधीच घेतली गेली होती. जानेवारी १९०८ मध्ये गांधीजी तुरुंगात गेले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांना कैद्याच्या स्थितीतच प्रिटोरियास स्मट्स यांच्या भेटीस नेण्यात आले. आल्बर्ट कार्टराइट हे एका वृत्तपत्राचे संपादक मध्यस्थ होते. २८ जानेवारीच्या पत्रावर गांधीजी, थंबी नायडू आणि चिनी रहिवाशांचे पुढारी लिउंग क्विन यांच्या सह्या होत्या. हिंदी लोकांनी आपखुशीने नोंदणी करावी, असे त्या पत्रात होते. तसे झाल्यास सक्तीचा कायदाच रद्द करू, असे वचन स्मट्स यांनी भेटीत दिले, असे गांधीजींचे म्हणणे. तसे वचन दिलेच नाही, असे स्मट्स यांचे म्हणणे.

आम्हां कारकुनी पेशातील माणसांना या ठिकाणी थांबल्यावाचून राहवत नाही. कागदावर एक मजकूर आणि बैठकीत दुसरा, हा अनुभव कोणत्या कचेरीत येत नाही? वरिष्ठ मोठ्या आपुलकीने खांद्यावर हात ठेवतात, काम झालेच समजा म्हणतात, आणि तीन महिन्यांनी फाइल उघडावी तर तीत त्या शब्दांचा मागमूस नसतो. वरिष्ठ खोटे बोलले असेच म्हणता येत नाही. त्या क्षणी त्यांच्या मनात आपुलकी खरीच असेल. परंतु टिपणात तिला जागा मिळालेली नसते.

गांधीजींनी शब्दावर विश्वास ठेवला, आणि त्यासाठी त्यांनी रक्त सांडले. १० फेब्रुवारी १९०८ रोजी ते नोंदणीस जात असता मीर आलम नावाच्या पठाणाने व त्याच्या सोबत्यांनी त्यांना बेशुद्ध पडेपर्यंत मारले. आपला पुढारी सरकारला विकला गेला, अशी त्यांची समजूत होती. शत्रूशी मैत्री करणारास पहिला मार बहुधा आपल्याच माणसांचा बसतो. पुढे स्मट्स यांनी कायदा रद्द केला नाही, आणि १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात हजारांहून अधिक नोंदणीपत्रांची होळी झाली. गांधीजींनी पुढे या लढ्याचा इतिहास लिहिला तेव्हा या प्रसंगाला विश्वासघात असे नाव दिले, पण त्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह घातले. हिंदी समाजाच्या बाजूने पाहता तो विश्वासघातच होता, परंतु स्मट्स यांनी तो जाणूनबुजून केला नसावा, असे त्यांचे मत होते. त्या एका प्रश्नचिन्हात गांधीजींचा सारा स्वभाव आहे. पण होळी झाली होती, हेही विसरता कामा नये. प्रश्नचिन्ह लेखणीने नंतर आले. कढईत कागद आधी जळले.

आता पुणेकराकडे वळू. नामदार गोपाळ कृष्ण गोखले २२ ऑक्टोबर १९१२ रोजी केपटाऊनला उतरले. त्या देशात एरवी हिंदी माणसाला आगगाडीत, उपाहारगृहात, पदपथावर काय वागणूक मिळे, हे सर्वश्रुत आहे. गोखल्यांना मात्र सरकारने आपला खास सलूनडबा प्रवासासाठी दिला. स्थानकास्थानकावर स्वागत झाले. सभांना गोरेही आले. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान व काही महाराष्ट्रीय हिंदू यांची सभा होती, तेथे गोखल्यांनी मराठीतच बोलावे असा आग्रह गांधीजींनी धरला आणि त्या भाषणाचा हिंदुस्तानी अनुवाद स्वतः केला. गांधीजींच्या मराठीच्या ज्ञानाविषयी गोखल्यांना शंका होती व त्यांनी त्यावरून थट्टाही केली. पण प्रयोग साधला, आणि झांजिबारपर्यंत अशा सभांतून हाच क्रम चालला. आफ्रिकेच्या भूमीवर मराठीत बोलणारे गोखले आणि शेजारी दुभाषा म्हणून उभे गांधी, हे चित्र आपल्याकडे फारसे कोणी आठवत नाही. परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी ते आठवावे. टॉलस्टॉय फार्मवर सगळे जमिनीवर निजतात असे कळल्यावर या प्रकृतीने नाजूक, मधुमेही गृहस्थाने आपलेही अंथरूण जमिनीवरच घालून घेतले.

१४ नोव्हेंबर १९१२ रोजी प्रिटोरियास गोखले हे पंतप्रधान बोथा व स्मट्स यांना भेटले. गांधीजी मुद्दाम गेले नाहीत. आपल्या उपस्थितीने जुन्या कटुता जाग्या होतील, असे त्यांना वाटले. आदल्या दिवसापर्यंत गोखल्यांनी त्यांच्याकडून सगळ्या प्रश्नाचा इतिहास लिहून घेतला, बारीकसारीक शंका विचारून रात्र जागविली. फर्ग्युसन कॉलेजचा हा जुना प्राध्यापक परीक्षेला बसल्यासारखा तयारी करून गेला. परत आला तो आनंदात. सगळे ठरले आहे, काळा कायदा जाईल, प्रवेशाच्या कायद्यातील वर्णभेद जाईल, तीन पौंडांचा कर जाईल, तुम्ही वर्षभरात हिंदुस्थानात परत या, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. गांधीजींनी शंका व्यक्त केली. या मंत्र्यांना आपण माझ्याइतके ओळखत नाही, असे त्यांनी सुचविले.

हा तीन पौंडांचा कर म्हणजे काय, ते थोडे सांगितले पाहिजे. नातालमधील उसाच्या मळ्यांवर व कोळशाच्या खाणींत गिरमिट लिहून देऊन आलेले मजूर पाच वर्षांनंतर मोकळे झाले, की त्यांनी एक तर परत जावे किंवा पुन्हा गिरमिटात शिरावे, अशी तेथील गोऱ्यांची इच्छा होती. म्हणून १८९५ च्या कायद्याने मोकळ्या झालेल्या प्रत्येकावर वर्षाला तीन पौंड कर बसविला. तो सोळा वर्षांवरील मुलावर व तेरा वर्षांवरील मुलीवरही होता. नवरा, बायको व दोन मोठी मुले असली की बारा पौंड. कर्त्या पुरुषाची कमाई महिन्याला चौदा शिलिंगांच्या वर जात नसे, असे गांधीजींनी नमूद केले आहे. वर्षाची सगळी कमाईही कराला पुरत नाही, असा हा हिशेब. सलूनडब्याच्या खिडकीतून हे कुटुंब दिसते काय? गोखल्यांना ते दिसले होते, हे त्यांच्या मोठेपणाचे लक्षण आहे. मंत्र्यांनाही ते दिसले असेल, असे मात्र त्यांनी गृहीत धरले.

दुसऱ्याच वर्षी स्मट्स यांनी संसदेत सांगितले, की नातालच्या गोऱ्या प्रतिनिधींचा विरोध असल्यामुळे कर रद्द करता येत नाही. कर रद्द करण्याचे वचन आपण दिले होते, हे मंत्र्यांना मान्य नव्हते. गोखले आपल्या म्हणण्यावर ठाम होते. दोन्ही पक्षांच्या सह्यांचा कागद याही खेपेस नव्हता. १९०८ च्या प्रसंगाची ही हुबेहूब आवृत्ती होय. गोखल्यांसारखा मुरलेला मुत्सद्दी, ज्याने कलकत्त्याच्या विधिमंडळात अर्थसंकल्पाचा एकेक आकडा पारखून घेतला, त्याने सही न घेता प्रिटोरिया सोडावी याचे प्रथम आश्चर्य वाटते. मग लक्षात येते, की सौजन्याचा गुणच असा आहे. जो आपल्याला इतक्या सन्मानाने वागवितो त्याच्याकडे लेखी मागणे, हा आपल्याच मनाला असभ्यपणा वाटू लागतो. वर्णद्वेषी राज्यकर्त्याला एवढा एक सलूनडबा पुरतो.

परंतु या मोडलेल्या वचनातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. तोपर्यंत तीन पौंडांचा कर हा सत्याग्रहाचा विषय नव्हता. गोखल्यांना दिलेला शब्द मोडल्याने तो झाला, आणि त्याबरोबर गिरमिटिया मजूर लढ्यात आले. तोवर लढा मुख्यतः व्यापारी व सुशिक्षित यांचा होता. मार्च १९१३ मध्ये न्यायमूर्ती सर्ल यांच्या निकालाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेले विवाह बेकायदा ठरले, त्यामुळे स्त्रियाही बाहेर पडल्या. कस्तुरबा तुरुंगात गेल्या. ऑक्टोबरात न्यूकॅसलच्या खाणी बंद पडल्या. मोर्चा निघण्यापूर्वी गांधीजींनी स्मट्स यांच्या कचेरीला दूरध्वनी केला. कर रद्द करण्याचे कबूल करा, मी मोर्चा थांबवितो, एवढेच सांगायचे होते. अर्ध्या मिनिटात चिटणिसाचे उत्तर आले, की जनरलसाहेबांना तुमच्याशी काहीही कर्तव्य नाही, तुम्हांला वाटेल ते करा. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले ट्रान्सवालच्या हद्दीकडे चालू लागली. चार दिवसांत गांधीजींना तीनदा अटक झाली, त्यांतील दुसरी स्टँडर्टन येथे.

नातालचे मळे बंद पडले, खाणींच्या आवारांचेच तुरुंग करण्यात आले, मजुरांवर चाबूक चालले, गोळ्याही चालल्या. इकडे आजारी गोखले पैसा उभा करीत होते, आणि मद्रासच्या भाषणात व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनी सत्याग्रहींची बाजू उघडपणे घेतली. तेव्हा कोठे जनरलसाहेबांना कर्तव्य उत्पन्न झाले.

आणि आता मैत्रीचा खरा उपयोग दिसतो. त्याबद्दल न्यायाने बोलले पाहिजे. जानेवारी १९१४ मध्ये गोऱ्या रेल्वे कामगारांचा मोठा संप झाला. सरकार अडचणीत असता आपण मोर्चा काढणार नाही, असे गांधीजींनी जाहीर केले. याचा स्मट्स यांच्या मनावर परिणाम झाला. तुमचे लोक मला आवडत नाहीत, पण आमच्या अडचणीत तुम्ही मदत करता तेव्हा तुमच्यावर हात कसा टाकावा, तुम्ही दंगा केलात तर बरे होईल, अशा आशयाचे त्यांच्या एका चिटणिसाचे थट्टेचे बोलणे गांधीजींनी नमूद केले आहे. गोखल्यांनी पाठविलेले चार्ली अँड्र्यूज येऊन पोहोचले होते, त्यांनी दोन्हीकडे जाऊन गाठी सोडविल्या. बोअर युद्धात बोअर बायकामुलांसाठी झटलेल्या एमिली हॉबहाउस या इंग्रज बाईंनी आपल्या जुन्या स्नेहाच्या बळावर स्मट्स यांना लिहिले. या तिघांवाचून तडजोड झालीच नसती असे म्हणवत नाही, पण ती इतक्या लवकर व इतक्या कमी कटुतेने झाली नसती. या वेळी मात्र गांधीजींनी एक गोष्ट केली. भेटीत ठरलेला प्रत्येक मुद्दा त्यांनी पत्राने कळविला व पत्राने कबूल करवून घेतला. जानेवारीचा पत्रव्यवहार आहे, ३० जूनचा आहे. दोन वेळा हात पोळल्यावर स्नेहालाही आवक-जावक क्रमांक मिळाला, म्हणा ना. १९१४ च्या कायद्याने तीन पौंडांचा कर गेला, विवाह मान्य झाले. १८ जुलैला गांधीजींनी तो देश सोडला. जाण्यापूर्वी तुरुंगात स्वतः शिवलेल्या चपलांचा एक जोड त्यांनी स्मट्स यांना भेट दिला.

या चपलांची गोष्ट पुढे फार प्रसिद्ध झाली. १९३९ साली गांधीजींच्या सत्तरीनिमित्त राधाकृष्णन यांनी जो गौरवग्रंथ संपादित केला, त्यात स्मट्स यांनी स्वतः लिहिले, की आपण त्या चपला कित्येक उन्हाळे वापरल्या, पण एवढ्या थोर पुरुषाच्या पायताणात पाय घालण्याची आपली योग्यता नाही. हे शब्द मनापासून लिहिलेले आहेत, याविषयी मला शंका नाही. परंतु याच स्मट्स यांनी १९१४ साली गांधीजी निघून गेल्यावर एका पत्रात, संत आपला किनारा सोडून गेला, तो कायमचाच गेला असो, अशा अर्थाचे समाधान व्यक्त केले होते. १९२३ च्या साम्राज्य परिषदेत तेजबहादुर सप्रू यांनी हिंदी लोकांच्या समान हक्कांची मागणी केली तेव्हा तिला सर्वांत कडवा विरोध स्मट्स यांचाच होता. आणि गौरवलेख लिहिल्यावर सात वर्षांनी, १९४६ साली, हिंदी लोकांनी जमीन कोठे घ्यावी व कोठे राहावे यावर बंधन घालणारा जो कायदा झाला, ज्याला तेथील लोक घेट्टो कायदा म्हणत, तो स्मट्स पंतप्रधान असतानाच झाला. चपला तोवर कोठे होत्या कोण जाणे.

यात ढोंग शोधण्याचे कारण नाही. स्मट्स यांचा गांधीजींविषयीचा आदर खरा होता आणि हिंदी लोकांविषयीचे धोरणही खरे होते. मित्राला त्यांनी अपवाद केले होते. परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपणांस हा प्रकार सौम्य रूपात ठाऊक आहे. शेजारी मोठ्या प्रेमाने सांगतात, तुम्ही मात्र इतर मराठी माणसांसारखे नाही. आपण सुखावतो, चहा घेतो, आणि घरी आल्यावर ध्यानात येते की इतर मराठी माणसांविषयीचे त्यांचे मत तसूभरही हललेले नाही. उलट, आपल्यासारखा एक मित्र असल्यामुळे ते मत बाळगणे त्यांना अधिकच सोयीचे झाले आहे. हीच रीत कायद्याच्या बळावर चालली म्हणजे काय होते, ते दक्षिण आफ्रिकेत दिसले. गोखल्यांचे उत्तराधिकारी श्रीनिवास शास्त्री १९२७ ते १९२९ या काळात तेथे हिंदुस्थान सरकारचे एजंट होते. त्यांचे इंग्रजी ऐकण्यास गोऱ्यांची गर्दी होई. त्यांच्या खटपटीने डर्बनला हिंदी मुलांसाठी शास्त्री कॉलेज उभे राहिले, हे लहान काम नव्हे. पण त्यांना टाळ्या देणाऱ्या गोऱ्यांनी आपल्या वस्तीत हिंदी शेजारी मात्र येऊ दिला नाही.

आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. १९१३ साली, म्हणजे तो ऐतिहासिक मोर्चा निघाला त्याच वर्षी, तेथील मूळ आफ्रिकन लोकांना देशाच्या सुमारे सात टक्के जमिनीत कोंडणारा कायदा झाला. १९१४ च्या तडजोडीत त्यांचा उल्लेखही नव्हता. गांधीजींच्या आरंभीच्या वर्षांतील लेखनात आफ्रिकनांविषयी तुच्छतेचे शब्द आहेत, आणि ते वाचताना मान खाली जाते. पुढे त्यांचे विचार बदलले. पण गोऱ्या सत्तेशी जी काही स्नेहाची बोलणी झाली ती हिंदी लोकांपुरती होती. बोअर व इंग्रज यांच्या गळाभेटीत जो तिसरा मनुष्य बाहेर राहिला, तोच येथेही बाहेर राहिला.

१९४६ च्या कायद्यानंतर हिंदुस्थानने सौजन्याची भाषा आवरती घेतली. वऱ्हाडचे रामराव देशमुख त्या वेळी तेथे आपले हायकमिशनर होते, त्यांना परत बोलाविण्यात आले. जुलैमध्ये त्या देशाशी व्यापार बंद केला. डर्बनला १३ जूनपासून सत्याग्रह सुरू झालाच होता. सुमारे दोन हजार माणसे तुरुंगात गेली. प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात गेला. तेथे एका बाजूस खुद्द स्मट्स, ज्यांनी त्या संघाच्या सनदेच्या प्रास्ताविकाचा मसुदा लिहिण्यात भाग घेतला होता, आणि दुसऱ्या बाजूस विजयालक्ष्मी पंडित. ८ डिसेंबर १९४६ रोजी हिंदुस्थानच्या बाजूचा ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी संमत झाला. दोनतृतीयांशांना लागणारी मते जेमतेम भरली. त्यानंतर विजयालक्ष्मीबाई स्मट्स यांच्याकडे गेल्या व आपल्याकडून काही कटू बोलले गेले असल्यास क्षमा मागितली, असे त्यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. गांधीजींची शिकवण तशीच होती. मात्र क्षमा मागण्यास जाताना त्या ठराव परत घेऊन गेल्या नाहीत.

स्मट्स यांना त्यांच्याच गोऱ्या मतदारांनी १९४८ साली खाली ओढले. हिंदी लोकांशी ते फार मवाळ वागतात, असाही त्या मतदारांचा एक आक्षेप होता. ते स्वतःच्या मतदारसंघातही पडले. तो मतदारसंघ स्टँडर्टनचा. पुढे आलेल्या मलान यांच्या सरकारने वर्णभेदाला शास्त्राचे रूप दिले. १९५० साली स्मट्स वारले, तोही दिवस ११ सप्टेंबरच.

येथे कोणी नेल्सन मंडेला यांचे नाव घेईल, आणि ते घेणे रास्त आहे. त्यांनी तुरुंगात बसून जेलरांची आफ्रिकान्स भाषा शिकून घेतली, त्यांचा इतिहास वाचला, पहारेकऱ्यांना मित्र केले, आणि जुलै १९८९ मध्ये पी. डब्ल्यू. बोथा यांच्यासमवेत चहा घेतला. परंतु हेच मंडेला १९८५ साली सशर्त सुटका नाकारून तुरुंगातच राहिले होते, हे चहाच्या गोष्टी सांगणारे विसरतात. वस्त्या पेटलेल्या होत्या, परदेशी बँकांनी कर्ज आखडले होते, आणि सशस्त्र लढा थांबविण्याची घोषणा ऑगस्ट १९९० पर्यंत झालेली नव्हती. १९९३ साली निवृत्त सेनापती कॉन्स्टँड व्हिलयून हे सशस्त्र गोऱ्यांचे पुढारी होऊन निवडणूक उधळून लावण्याच्या तयारीत असता, मंडेला यांनी त्यांना घरी बोलावून स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला व त्यांच्याशी आफ्रिकान्समध्ये बोलले. बोलणी कित्येक महिने चालली. व्हिलयून निवडणुकीस उभे राहिले आणि यादवी टळली. मतदानाचा मुख्य दिवस चार दिवसांवर आला असता, २३ एप्रिल १९९४ रोजी, गोऱ्या आफ्रिकानर समाजाच्या स्वयंनिर्णयाच्या मागणीचा विचार कसा करावयाचा, याविषयी दोन्ही पक्षांत लेखी करार झाला आणि त्यावर सह्या झाल्या.